भाऊजींसाठी रॉड

देवळी, जि. वर्धा
१९ ऑक्टोबर २०२४

साळेबुवा प्रफुल यांना,

तुझ्या कापडवाल्या भाऊजीचा आशीर्वाद. तुझी ताई सरिता मजेत आहे, म्हणजे दिवसभर माझ्यावर ओरडते आहे. फोनवर माझा आवाज येत नाही अशी तुझी तक्रार असते. टॉवरचा घोळ आहे. म्हणून हे पत्र. तसंही फोनवर मला दोन वाक्यांपलीकडे काही सुचत नाही. सरिता याचा फोटो काढून तुला पाठवेल.

काम असं आहे. मागच्या हिवाळ्यात तू अमेरिकेहून आलास तेव्हा तुझा मासे पकडायचा काळा रॉड, दोरी गुंडाळायचं रील आणि डबीभर प्लास्टिकचे मासे माझ्याकडे ठेवून गेलास. पावसाळा संपला, पुलगावकडे नदीचं पाणी निवळलं, म्हणून बंडूजींच्या स्कूटरवर जाऊन आलो. बंडूजी म्हणजे आपल्या दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसतात ते टेलर. त्यांना माशांत काडीचा रस नाही, पण नदीवर झोप चांगली लागते म्हणतात.

तू शिकवलंस तसंच करतो. प्लास्टिकचा मासा लांब फेकायचा. मनगटाने दोन झटके द्यायचे, की तो जखमी माशासारखा इकडून तिकडे लडबडतो. मग थांबायचं. तो पाण्यात अधांतरी उभा राहतो, वर येत नाही की बुडत नाही, आणि खरा मासा त्याच क्षणी तोंड मारतो. झटक्याचं मला कोणी शिकवायला नको. जन्मभर कापड फाडलं आहे. कात्रीने बोटभर चीर द्यायची आणि मनगटाच्या एका हिसक्यात आख्खा पन्हा सरळ फाडायचा, धागा इकडचा तिकडे नाही. तुझ्यासमोर पहिल्याच दिवशी मला मरळ मासा लागला तो त्याच हिसक्यामुळे, आणि तुझं तोंड किती उतरलं होतं तेही मी पाहिलं होतं.

यंदा मात्र गंमत वेगळी आहे. मरळ मागे येतो. पाणी स्वच्छ असल्यामुळे मला तो चांगला दिसतो. मी थांबलो की तोही थांबतो, जरा वेळ बघतो आणि वळून निघून जातो. एकदा नाही, प्रत्येक वेळी. बंडूजी म्हणतात, "शेठजी, मासा नकली हाय हे त्याईले समजलं." मला वाटतं रॉडमध्येच काही खोट आहे. फार ताठ आहे, जडही वाटतो. तू या विषयातला जाणकार. माझ्या मापाचा, माझ्या हाताला सोसेल असा रॉड सांग.

दुकानात आता चिरंजीव पियुषच बसतो. मी फारसा जात नाही, कंटाळा आला. हा एक शौक म्हातारपणी तूच लावलास. आपल्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे पकडतो, डोळे भरून बघतो आणि सोडून देतो. पुलगावचे लोक मला बह्याड म्हणतात, वेड्यात काढतात. म्हणू देत. नदी तेवढी सुटू नये असं वाटतं.

तुझा,
मनोहरराव


नॉक्सव्हिल, टेनेसी
२६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,

इतक्या लांबून वाकून नमस्कार. पत्र वाचायला मला अर्धा तास लागला. अक्षर किती बारीक काढता हो! ओळीच्या सुरुवातीला मुंगी आणि ओळ संपेपर्यंत मुंगीचं पिल्लू. मोबाईलवर फोटो ताणून ताणून माझी बोटं दुखली. कापड मोजताना बोटभर जास्त द्यायचे म्हणून तुमचं नाव होतं, मग कागदाला एवढी कंजूसी कशाला?

आता रॉडबद्दल. चूक माझी आहे. मी ठेवून आलो तो रॉड गवतातून मोठा मासा ओढून काढायचा. सात फुटांपेक्षा लांब, आणि काठीसारखा ताठ. तुमच्या त्या प्लास्टिकच्या माशाला इकडे जर्कबेट म्हणतात आणि त्याचा रॉड वेगळा लागतो. पावणेसात फूट पुरे, कारण झटका खाली पाण्याकडे मारायचा असतो, लांब रॉडचा शेंडा पाण्यावर आपटतो. ताकद मध्यम हवी. शेंडा लवणारा हवा, म्हणजे मासा ओढ देतो तेव्हा बारीक गळ त्याच्या तोंडातून निसटत नाहीत. मूठ आखूड हवी, नाहीतर प्रत्येक झटक्याला ती कोपरावर बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलका हवा, कारण या प्रकारात मनगट दिवसभर राबतं.

असा एक मी निवडून ठेवला आहे. दुकानात उभा राहून बरेच रॉड हातात धरून पाहिले. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर तुमचं मनगट होतं. इकडे आम्ही बास नावाचा मासा पकडतो, आणि माझ्या इथल्या मित्रांना मी नेहमी सांगतो की माझे एक भाऊजी आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी जो झटका मारला तो मला तीन वर्षांत जमला नाही.

माझा मित्र अश्विन दिवाळीसाठी नागपूरला येतो आहे. रॉड दोन तुकड्यांचा आहे, त्याच्या सामानात मावेल. तो देवळीला पोचवेल. तुम्ही उभे राहून टाकता की बसून, तेवढं कळवा.

ताईला सांगा, तिने पाठवलेल्या चकलीच्या फोटोने पोट भरत नाही.

तुमचा,
प्रफुल


देवळी
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रफुल,

अश्विन येऊन रॉड देऊन गेला. मोठा गुणी मुलगा. चहा घेतला, पाया पडला आणि "काका, दोन मासे माह्यासाठी पकडजा" म्हणून गेला. रॉड देखणा आहे. एवढा हलका की हातात काही आहे असं वाटत नाही.

परवा नेला होता. मी बसून टाकतो. बंडूजींनी दुकानातलं गिऱ्हाइकांचं स्टूल स्कूटरला बांधून आणलं. गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. गाठही तेच बांधून देतात, सुईत दोरा ओवायची सवय असल्यामुळे त्यांची गाठ सुरेख बसते. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असावा.

झटका छान बसतो. पण या रॉडचा शेंडा फार चंचल आहे. मी थांबलो तरी तो थांबत नाही, नाचत राहतो. मग दोरी हलते, दोरीबरोबर प्लास्टिकचा मासा हलतो. मरळ आला, पाहून गेला. पहिल्या रॉडवर हे कमी होत होतं. शेंडा जागच्या जागी राहील असा रॉड निघत असेल तर बघ. तुमच्या अमेरिकेत एवढे शोध लागतात, एवढा लागलाच असेल.

दुसरं रीलचं. हे आडव्या चक्राचं रील मला जमेनासं झालं आहे. फेकताना चक्रावर अंगठा हलकासा टेकवून ठेवायचा असतो. मागच्या वर्षी जमत होतं. आता अंगठा जरा इकडेतिकडे झाला की चक्र सुसाट फिरतं आणि दोरीचा चिमणीच्या घरट्यासारखा गुंता होतो. बंडूजी तो सोडवत बसतात आणि मी पाण्याकडे बघत बसतो. त्यांची झोप त्यामुळे मोडते, याचं वाईट वाटतं. अंगठ्याचं काम नसलेलं रील कोणतं ते कळव.

अक्षर मोठं काढायचा प्रयत्न केला आहे. पहिल्या दोन ओळींत तरी जमलं आहे.

तुझा,
मनोहरराव


नॉक्सव्हिल
२४ नोव्हेंबर २०२४

भाऊजी,

रीलचा प्रश्न सुटला असं समजा. तुम्हाला स्पिनिंग रील लागेल. ते रॉडच्या खाली लटकतं, दोरी त्याच्यावरून आपोआप सुटते, अंगठा लावायची गरज नाही आणि गुंता क्वचितच होतो. लहान आकाराचं, हलकं, डाव्या हाताने फिरवायचं असं एक मी तिकडूनच मागवलं आहे, आठवड्याभरात दुकानाच्या पत्त्यावर येईल. त्याचं कारणही सांगतो. झटक्याचा हात उजवा, तो रॉडवरच राहिला पाहिजे. ढिली दोरी गुंडाळायचं काम डावा करेल.

शेंड्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तो रॉड मी स्वतः तळ्यावर नेऊन पाहिला होता. त्याचा शेंडा नाचत नाही. भाऊजी, तुम्ही घाई करता आहात! दिवाळीची गर्दी, चार गिऱ्हाइकं एकदम, याला अस्तर दाखव, त्याला पीस दाखव, ती सवय घेऊन तुम्ही नदीवर जाता. दोन झटके दिल्यावर विसरून जा की हातात काही आहे. आता तिकडे थंडी सुरू होईल. पाणी गार झालं की मासा आळशी होतो, मग थांबा अजून लांबवावा लागतो. इकडे हिवाळ्यात आम्ही इतकं थांबतो की शेजारच्याला वाटतं हा उभ्या उभ्या झोपला. तेव्हा एकच मंत्र. हात स्वस्थ ठेवा. हात स्वस्थ ठेवा. हात स्वस्थ ठेवा. पत्रातच तीनदा लिहून देतो, हवं तर फ्रेम करून लावा.

ताईला म्हणावं तुमचा एखादा व्हिडिओ काढून पाठव. बघितल्यावर मला लगेच कळेल कुठे चुकतंय. मागे फोनवरही मागितला होता, ती "हो हो" म्हणाली आणि विसरली.

तुमचा,
प्रफुल


देवळी
१५ डिसेंबर २०२४

प्रफुल,

रील मिळालं. चांगलं आहे. गुंता होत नाही. थंडी बरीच आहे, त्यामुळे नदीवर फारसं जाणं झालं नाही. तुझा मंत्र ध्यानात आहे. काळजी नसावी.

मनोहरराव


देवळी
१७ डिसेंबर २०२४

प्रफुल,

हे पत्र ह्यांना माहीत नाही. तू फोनवर काही बोलून बसशील, म्हणून लिहून पाठवते आहे. नीट वाच.

तुझ्या भाऊजींना कंपवात झाला आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी जून महिन्यात सांगितलं. तू आला होतास तेव्हाच उजवा अंगठा थोडा थोडा हलायचा, आम्ही थंडी समजलो. आता आख्खा हात हलतो. गोळ्या चालू आहेत. गोळी घेतली की थोडा वेळ बरं असतं. आवाजही बारीक झाला आहे. टॉवर चांगला आहे रे, त्यांचाच आवाज पोचत नाही. अक्षर का बारीक होतं असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले तोही आजारच. आणि तू कंजूसी म्हणालास. तेव्हाच तुला झापणार होते, पण ते स्वतः पोट धरून हसले.

दुकान कंटाळा आला म्हणून सोडलेलं नाही. श्रावणात एका बाईला खणाचं कापड फाडून देत होते. चीर दिली आणि थांबले, तेवढ्यात हात थरथरला आणि कात्री कापडात घुसली. हे उठले, पियुषला म्हणाले, "बस तू," आणि घरी आले. तेव्हापासून नदीच तेवढी राहिली आहे.

तुला का नाही सांगितलं ते विचारशील. मी खूपदा म्हटलं. म्हणाले, "प्रफुलले नोको सांगू. जगात एक जागा असू दे, जिथं मी चांगला मासे पकडून राह्यलो."

मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर नदीवर गेले. डॉक्टर म्हणाले होते ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. हा आजार असा आहे की हात काम करत असला की कमी हलतो आणि स्वस्थ ठेवला की जास्त. झटका त्यांनी असा मारला की मलाही दुकानातला त्यांचा जुना हात आठवला. आणि थांबले, तर हात थडथडायला लागला. दोरी थरथरत होती, तुझा तो प्लास्टिकचा मासा जागच्या जागी कापत होता. खालून मोठा मासा आला. मी पाहिला. उभा राहिला आणि वळला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाह्यला? आलता." जसं काही पाहुणा येऊन चहा न घेता गेला.

तुझं ते "हात स्वस्थ ठेवा" तीनदा लिहिलेलं पत्र आलं त्या दिवशीचं सांगते. वाचलं, हसले. मग हात मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "सरिता, धर बरं. पाहू दोघांच्यानं तरी थांबते का." मी दोन्ही हातांनी दाबून धरला. थांबला नाही रे. माझ्या हातांखाली पाखरासारखा धडपडत होता.

मला रॉडमधलं काही कळत नाही. पण तू तिकडच्या जाणत्यांना विचार. हाताचं हलणं आपल्यात जिरवून टाकेल, पुढे जाऊ देणार नाही, असा रॉड असतो का? असेल तर पाठव. नसेल तर मला सांग, त्यांना नको.

तुझी ताई,
सरिता


नॉक्सव्हिल
२१ डिसेंबर २०२४

भाऊजी,

ताईवर रागावू नका. तिने सांगितलं ते बरं केलं. मी काय काय लिहून बसलो ते पुन्हा वाचलं आणि मोबाईल उपडा ठेवून दिला. त्याबद्दल आणखी लिहीत नाही, कारण तुम्ही मला माफ करणार आणि त्याने मला जास्तच लाज वाटणार.

आज दिवसभर फिरलो. तीन दुकानं पालथी घातली. लवणारे, ताठ, जड, हलके, सगळे रॉड हातात घेऊन पाहिले. एका ठिकाणी म्हातारा दुकानदार होता, त्याला सगळं सांगितलं. त्याने एक एक करून बरेच रॉड काढले, परत ठेवले आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ताई, तू विचारलंस तसा रॉड नसतो. हे मी तुला एकटीला सांगायला हवं होतं, पण आता भाऊजींपासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

तरी काही गोष्टी करून पाहा. नवा रॉड बाजूला ठेवा, जुना ताठ आणि जड रॉड घ्या, वजनाने हात थोडा दबतो. स्पिनिंग रील त्याच्यावरच बसवा, बंडूजींना जमेल. रॉडची मूठ मांडीखाली दाबून बसा. गोळी घेतल्यावर ज्या वेळी हात बरा असतो त्याच वेळी जा. आणि मुख्य म्हणजे, झटका दिल्याबरोबर शेंडा पाण्याच्या दिशेने पुढे न्या, दोरी सैल सोडा. दोरी ढिली पडली की हाताचं हलणं त्या ढिलाईतच संपतं, माशापर्यंत पोचत नाही. मी घरी टबमध्ये पाणी भरून, मुद्दाम हात हलवून पाहिलं. बऱ्यापैकी जमतं. कृपा करून हे पाहा.

मी यायला हवं. तुमच्या शेजारी बसायला हवं. पण माझ्या व्हिसाचे कागद अर्धवट अडकले आहेत. देश सोडला तर परत येता येईल याची खात्री वकील देत नाही, आणि कंपनीत माणसं कमी करणं चालू आहे. तुमच्यापर्यंत यायला मला एक दिवस लागतो, आणि तो दिवस माझ्या हातात नाही. इथे भिंतीला टेकवून रॉड उभे आहेत, त्यांच्याकडे बघत बसलो आहे.

तुमचाच,
प्रफुल


देवळी
५ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल,

ह्यांना आता लिहिता येत नाही, तिसऱ्या शब्दाला पेन अडतो. म्हणून ते बोलतात आणि मी लिहिते. जसं बोलतील तसंच लिही, सुधारू नको, अशी सक्त ताकीद आहे. मध्ये मला काही सांगायचं असलं तर कंसात सांगेन. सरिता.

प्रफुल, पयले हे आयक. तुया ताईवर म्या रागावलो नाई. (दोन दिवस बोलले नाहीत.) आवाज बारीक झाला त ह्या बाईले मोठं सुख झालं, आता घरात तिचाच आवाज. (लिही म्हणाले म्हणून लिहिलं.)

तू सांगतलं तसं केलं. जुना रॉड घेतला, मांडीखाली दाबला, गोळी घेऊन मंग निंगालो. बंडूजीनं स्टूल मांडलं. फेकला. दोन झटके देल्ले अन् शेंडा पुढं नेऊन दोरी सैल सोडली. अन् प्रफुल, तुले काय सांगू, तो प्लास्टिकचा मासा पान्यात उभा राह्यला. असा उभा राह्यला जसा फोटोतला. माया हात इकडं हालूनच राह्यलता, पन तिकडं काईच नाई. मी बंडूजीले म्हनलं, "पाहा, थांबला!" त्याईनं टाया वाजोल्या. (हे खरं आहे. मीही होते. मला रडू आलं होतं.)

मंग मरळ आला. मोठा होता. आला, उभा राह्यला अन् या खेपेले माघारी वयला नाई. तुई ताई अन् बंडूजी, दोघंही एकदमच ओरडले, "घेतला, घेतला, वढा!" मले काई समजलंच नाई. दोरी सैल होती ना बापा. त्यानं तोंडात घेतला, जरा येळ धरला अन् थुकून देल्ला. मी वढला तवा तो गेलता.

तुया उपाय चांगला होता. ढील देल्ली त माया हाताचं हालनं मासोळीपर्यंत नाई गेलं. पन मासोळीचं तोंडही मायापर्यंत नाई आलं. दोरी तानली त तिले माया रोग समजते, सैल सोडली त मले तिचं काईच नाई समजत. मी लय इचार केला. ह्याच्यात रॉडची गलती नाई, रीलची नाई, तुयी त नाईच नाई. काऊन असं झालं म्हून इचाराले कोनी मानूसही नाई.

(पत्र संपलं असं मला वाटलं. मी पेन ठेवला तर म्हणाले, उचल.)

आता डावा हातही जरासा हालाले लागला. डॉक्टर म्हनते, होते तसं. म्हून तुले सांगतो, रॉड धुंडनं बंद कर. पाठोजो नोको. दुकानात जाऊन उभा राहू नोको. मी आता नदीवर नाई जात. (परवा बंडूजी स्कूटर घेऊन आले होते. ह्यांनी आतूनच नाही म्हटलं. बंडूजी ओट्यावर जाऊन बसले आणि दिवसभर त्यांनी मशीन चालवलं नाही.)

एक काम कर मायासाठी. तू जाय. तुमच्या तिकडच्या तळ्यावर तू जाय, अन् काय झालं ते मले लिहून पाठोजो. सगळं लिहजो. पानी कसं होतं, कुठं फेकला, झटका कसा बसला. अन् थांबला तवा काय झालं ते चांगलं सावकाश लिहजो. मासा लागला त लागला म्हून लिही, नाई लागला त नाई लिही. मले खुश कराले खोटा मासा नोको पकडजो. मी जन्मभर कापड इकलं, खोटा माल मले लगेच समजते.

(आणखी काही सांगायचं आहे का विचारलं. मान हलवली. ती नाही म्हणून हलवली की आजाराने, आता मला कळत नाही. सरिता.)


नॉक्सव्हिल
१९ जानेवारी २०२५

ताई, हे पत्र भाऊजींना तू मोठ्याने वाचून दाखव. एक कर. जिथे मी "थांबलो" असं लिहिलं आहे तिथे तूही थांब. ते म्हणतील तेव्हाच पुढे वाच. कितीही वेळ लागला तरी त्यांना घाई करू नको.

भाऊजी,

काल शनिवारी गेलो. आमच्या गावाबाहेर धरणाचं पाणी आहे, तिथे. काठावर बर्फाची पातळ साय होती, आत पाणी मोकळं, हिरवट आणि अगदी स्वच्छ. वारा नव्हता. माणूस कोणी नव्हता. तुमच्यासाठी पाठवला होता त्याच जातीचा रॉड मी नेला होता. बोटं गार पडल्यामुळे गाठ बांधायला वेळ लागला.

पाण्यात एक पडलेलं झाड आहे, त्याच्या शेंड्यापलीकडे फेकला. थोडा गुंडाळून खोल नेला. एक झटका, दुसरा झटका. तुमच्याइतका स्वच्छ नाही बसला. मग थांबलो.

काही नाही आलं. पुन्हा दोन झटके. थांबलो.

झाडाच्या सावलीतून काहीतरी सुटं झाल्यासारखं वाटलं, पण ती सावलीच होती. पुन्हा फेकला, थोडा डावीकडे. पाणी गार असल्यामुळे सगळं सावकाश करत होतो. बोटांची जाणीव कमी कमी होत होती. दोन झटके. थांबलो.

या वेळी तो आला, भाऊजी. बास मासा. मोठा, हिरवा, अंगावर काळा पट्टा. झाडाखालून काहीही घाई न करता आला, शेपटी हलताना दिसत नव्हती. माझ्या प्लास्टिकच्या माशासमोर वीतभर अंतरावर येऊन उभा राहिला आणि बघायला लागला. दोरी ना ताणलेली, ना सैल, जशी हवी तशी होती. मला फक्त काही करायचं नव्हतं. मी थांबलो.

तो अजून तिथेच होता. मी तुमच्याकडे असतो तर तुम्ही आता कसे बसला असतात ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. नदीचा काठ, ते स्टूल, बंडूजी, ताई, आणि मांडीवर तुमचा हात. माझा हात चांगला आहे, त्याला काही झालेलं नाही, आणि तो इथे या गार पाण्यापाशी एकटाच स्वस्थ उभा आहे, हे मला सहन होईना. मासा जरा पुढे सरकला. त्याने तोंड किंचित उघडलं. मी थांबलो.

आणि मग मला रडू आलं. खांदे हलले, हात हलला, शेंडा हलला, दोरी थरथरली. मी थांबवायचा फार प्रयत्न केला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. थांबलं नाही. माशाने एकदा पाहिलं आणि तो वळला, आणि झाडाखाली निघून गेला.

खोटं लिहिलेलं नाही. मासा लागला नाही.

प्रफुल